आलिशान जुनी मोटार दारात आणण्यापूर्वी

२०१० सालच्या ऑक्टोबर महिन्यात मराठवाड्याने एक नवलच पाहिले. औरंगाबाद शहरात, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तिथल्या उद्योजक-व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. सौदा सुमारे ६५ कोटी रुपयांचा झाला आणि देशभरच्या वर्तमानपत्रांतून त्याची बातमी आली. त्या मोटारींपैकी ज्या अजून रस्त्यावर असतील, त्यांच्या पहिल्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत २०२५ साली संपली. मोठ्या शहरांतल्या अशा मोटारी दहा-पंधरा वर्षांनी कुठे जातात? हात बदलत बदलत त्या तालुक्याच्या गावी येतात.

आपल्या सोनपेठ-गंगाखेड-परळीच्या बाजूला उसाचे बिल जमा झाले, किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मावेजा हाती आला, की घरात मोटारीचा विषय निघतोच. पूर्वी बोलणे जीपगाडीपाशी थांबे. आता फोनवर फोटो येतात. नवी असताना चाळीस-पन्नास लाखांची असलेली मोटार नव्या लहान मोटारीच्या किमतीत मिळते.

"तात्या, तेवढ्याच पैशात ही येतीय," पोरगा म्हणतो.

चुलीपाशी बसलेली माय एवढेच विचारते, "एवढी भारीची वस्तू तो इतक्या स्वस्तात का विकायलाय?"

प्रश्न मायने बरोबर विचारला. आज त्याचेच उत्तर पाहू.

शेतकरी बंधूंनो, बाजारात बैल घेताना आपण काय करतो? लालकंधारी असो की देवणी, जात पाहून कोणी पैसे मोजत नाही. दात पाहतो, खांदा पाहतो, खुरे पाहतो, चार पावले चालवून पाहतो. मोटार घेताना मात्र हेच लोक काचेसारखा रंग आणि मऊ गाद्या पाहून इसार देऊन मोकळे होतात.

पंधरा वर्षे कोणी तपासत नाही

खेड्यात ज्याला आपण 'पासिंग' म्हणतो ते ट्रक, टेम्पो, काळी-पिवळी अशा भाड्याच्या वाहनांना ठराविक मुदतीने करावे लागते. केंद्रीय नियमांप्रमाणे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दर वर्षी. घरच्या मोटारीला तसे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे तिची नोंदणी एकदाच पंधरा वर्षांसाठी होते. धुराचे पी.यू.सी. प्रमाणपत्र तेवढे वेळोवेळी लागते. पण त्यात धूर पाहतात, ब्रेक पाहत नाहीत. म्हणजे बारा वर्षांची मोटार तुमच्यापुढे येते तेव्हा तिच्या ब्रेकला, चाकांना, सुकाणूला सरकारी तपासनिसाचा हात एकदाही लागलेला नसेल. नवे पी.यू.सी. दाखवून "गाडी ओके आहे" म्हणणाऱ्यावर म्हणूनच विसंबू नये.

परदेशात याबाबत मोठी कडक शिस्त आहे. जर्मनीत १९५१ पासून सक्तीची तपासणी आहे. तिथे नव्या मोटारीची तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासणी होते. ब्रिटनमध्ये १९६० साली ती सुरू झाली, आणि आता तीन वर्षांपुढची मोटार दर वर्षी तपासतात. त्या वेळी किती किलोमीटर चालली हेही नोंदवून ठेवतात, त्यामुळे मीटर मागे फिरवणाऱ्याची चोरी उघडी पडते. तिथल्या निकालांत नापास होणाऱ्या मोटारींचे दोष वर्षानुवर्षे तेच आढळतात : दिवे, ब्रेक, टायर, आणि शॉकअप-बुश-जॉइंट ही चाकांजवळची मंडळी. जर्मनीत तेलगळतीही पुष्कळ निघते. या मोटारी मूळच्या त्यांच्याच देशातल्या. गुळगुळीत रस्त्यावर ज्या भागांनी मान टाकली, ते उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी खणून काढलेल्या आपल्या रस्त्यांवर किती दिवस काढतील?

मोटार सकाळी, थंड असताना पाहावी

पहिली गोष्ट म्हणजे मालकाला कळवावे की गाडी आमच्यासमोरच चालू करा. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागले तर गाडी आधीच चालू करून ठेवलेली आहे असे समजावे. थंड इंजिनाचा खडखडाट, पहिला धूर, बॅटरीचा दम हे सगळे पहिल्या मिनिटातच कळते. नंतर कळत नाही.

मग चार पावले मागे सरून मोटार कशी उभी आहे ते पाहावे. पुष्कळ मोठ्या मोटारींत लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराच्या हवा भरलेल्या पिशव्या असतात. बसणाराला पाळण्यात बसल्यासारखे वाटते ते त्यामुळे. पण रबर ते रबर. आठ-दहा वर्षांत त्याला चिरा पडतात, रात्रभरात हवा निसटते आणि सकाळी मोटारीचा एक कोपरा बसलेल्या जनावरासारखा खाली टेकलेला दिसतो. चालू केली की पंप हवा भरतो, गाडी उठते आणि दोष झाकला जातो. गळकी पिशवी भरून भरून शेवटी पंपही जळतो.

चावी पहिल्या टप्प्यावर फिरवली की डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे सगळे लागले पाहिजेत आणि इंजिन चालू झाल्यावर विझले पाहिजेत. जो विझत नाही तो दोष सांगतो. पण जो मुळीच लागत नाही त्याची धास्ती अधिक बाळगावी. एअरबॅग एकदा फुटली की नवी बसवण्याचा खर्च मोठा, म्हणून काही ठिकाणी नुसते झाकण चिकटवतात आणि दिवा तोडून टाकतात. अपघाताच्या दिवशी तिथून काही बाहेर येत नाही.

या मोटारींचा गिअर बहुधा आपोआप पडतो. बदलताना झटका बसतो का, उलटा गिअर टाकल्यावर गाडी थोडी विचार करून मग हलते का, हे पाहावे. हा गिअरबॉक्स गावच्या मिस्त्रीच्या हातचा नव्हे. पाण्याच्या टाक्या आणि नळ्या पुष्कळ ठिकाणी प्लॅस्टिकच्या. उष्णतेने त्या ठिसूळ होतात, कूलंट गळते, आणि चालवणाऱ्याने काट्याकडे दुर्लक्ष केले तर इंजिनाचे हेड जाते. बीएमडब्ल्यूच्या २००७ नंतरच्या चार सिलिंडरच्या एका डिझेल इंजिनाची (एन ४७) टायमिंग चेन झिजून तुटण्याबद्दल तर युरोपात फार ओरड झाली. ती चेन इंजिनाच्या मागल्या बाजूला, गिअरबॉक्सकडे बसवलेली आहे. चेन थोड्या पैशांची, पण तिच्यापर्यंत पोहोचायची मजुरी भारी. थंड इंजिनात मागून साखळी घासल्याचा आवाज आला तर तिथेच नमस्कार करून परतावे.

अलीकडच्या डिझेल मोटारींत काजळी धरणारी जाळी असते. लांबच्या पल्ल्यावर इंजिन तापले म्हणजे ती काजळी जळून जाळी मोकळी होते. रोज शेत ते बाजार एवढेच चालवले तर ती तुंबते. मग कोणीतरी ती कापून टाकण्याचा सल्ला देतो. ऐकू नये.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. वरून काळे कुळकुळीत असले तरी जुने रबर आतून मेलेले असते. आणि खाली वाकून इंजिनाखालचे चेंबर जरूर पाहावे. या मोटारी जमिनीला टेकून चालतात. एका दगडाने चेंबर फुटले, तेल सांडले आणि कोणाच्या लक्षात आले नाही, की पाच मिनिटांत इंजिन धरते.

पुरात बुडालेली मोटार

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई बुडाली, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, आणि २०२५ च्या सप्टेंबरात आपण मराठवाडेकरांनीच पूर पाहिला. प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या मोटारी धुऊनपुसून बाजारात येतात. आलिशान मोटारीत तारांचे जाळे आणि संगणकाचे डबे गाद्यांखाली, पायांखाली बसवलेले असतात. पाणी तिथे गेले की आज काच उतरत नाही, उद्या दिवा लागत नाही, परवा गाडी चालूच होत नाही. ओळखायचे कसे? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा; टोकाला गाळाचा डाग असतो. गाद्यांच्या खालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज पाहावा. स्टेपनीचा खड्डा उघडून पाहावा. आणि आत अत्तराचा फवारा फार मारलेला असेल तर काचा लावून, थोडा वेळ बसून, खालचा कुबट वास येतो का ते पाहावे.

सातबारा आणि आर.सी. बुक

जमीन घेताना सातबाऱ्यावरचा बोजा पाहतात, तसा मोटारीच्या आर.सी.वरही बोजा असतो. बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव त्यावर असेल तर कर्ज फिटल्याचे पत्र आणि नमुना ३५ घेऊन ते उतरवून घ्यावे. चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाकून आर.सी.शी जुळवावेत. विकणाऱ्याच्या सह्या नमुना २९ आणि ३० वर घ्याव्यात. दुसऱ्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीतली गाडी असेल तर नमुना २८ चे ना-हरकत पत्र लागते. खरेदीनंतर ३० दिवसांच्या आत नाव लावण्याचा अर्ज द्यावा म्हणजे गाडी परभणीच्या एम.एच. २२ च्या दप्तरात रीतसर येईल.

"नाव काय, पुढे लावू" ही सवय फार महागात पडते, आणि विकणाराला तर जास्तच. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण होते. मोटार एकामागून एक चार हातांत विकली गेली, पण दप्तरी नाव पहिल्याचेच. अपघातात एक मूल दगावले. ज्याचे नाव दप्तरात, तोच मालक, आणि भरपाई त्याच्याच माथी, असा निकाल लागला. तेव्हा तुमची जुनी जीप कोणाला दिली असेल तर तिचे नाव बदलले का, हे आजच पाहा. विम्याचेही तसेच. गाडी विकली तरी तिसऱ्याच्या नुकसानीचा विमा नव्या मालकाकडे येतो, परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई, पॉलिसी आपल्या नावे करून घेतल्याशिवाय मिळत नाही.

दिल्लीकडच्या मोटारी फार स्वस्त दिसतात त्याचेही कारण आहे. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल मोटारींवर बंदी घातली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ मध्ये न्यायालयाने यात काही सवलत दिली, पण दरम्यान पुष्कळ मोटारी दुसऱ्या राज्यांत गेल्या. अशी मोटार महाराष्ट्रात कायम ठेवायची तर इथला कर भरून नवा क्रमांक घ्यावा लागतो. तो कर सौद्यातच धरावा.

पंधरा वर्षे भरत आली असतील तर नोंदणी नव्याने पाच वर्षांसाठी करावी लागते, आणि त्या वेळी गाडी तपासणीला उभी करावी लागते. २०२२ च्या एप्रिलपासून या नोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले. परदेशातून आणलेल्या मोटारीला ४०,००० रुपये. २०२५ साली वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी हे आकडे दुप्पट झाले. पर्यावरण कर निराळा.

आता मायच्या प्रश्नाकडे येऊ. मोटारीची किंमत दर वर्षी उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पन्नास लाखांची मोटार आठ लाखांना मिळाली तरी तिचा शॉकअप, तिची काच, तिचा दिवा पन्नास लाखांच्या मोटारीचाच राहतो. पहिला मालक हे जाणतो. मोठा खर्च पुढे दिसू लागला की तो विकायला काढतो. "लग्नसराईत नवरदेवाला भाड्याने देऊ, खर्च निघेल," असेही काही जण म्हणतात. पांढऱ्या पाटीची मोटार भाड्याने देता येत नाही. त्या फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

तरीही घ्यायचीच असेल तर जरूर घ्यावी. हौसेला मोल नाही हे आम्हीही जाणतो. फक्त इसार देण्यापूर्वी त्या कंपनीच्या गाड्या ज्याने खोललेल्या आहेत असा मिस्त्री सोबत न्यावा, संगणकाचे यंत्र लावून दोषांची यादी कागदावर काढावी, आणि गाडी जॅकवर चढवून खालून पाहावी. मिस्त्रीला त्याची मजुरी आपण द्यावी, दलालाला देऊ देऊ नये. मालक यंत्र लावू देत नसेल तर "बरं, येतो" म्हणावे आणि दुपारच्या एस.टी.ने घरी यावे.