ओट्याखालीं बसविलेलें सिंक

स्नानगृहांत हात-तोंड धुण्यासाठीं घरच्या घरीं लांकडी ओटा तयार करण्याची हौस हल्लीं पुष्कळांस असते. ओट्याच्या फळीस भोंक पाडून तिच्या खालच्या अंगास स्टीलचें सिंक बसविलें, म्हणजे तें मोठें नेटकें दिसतें. सिंकचा कांठ वर आलेला नसल्यामुळें सांडलेलें पाणी फडक्यानें सरळ आंत लोटतां येतें व कांठाशीं मळ सांचत नाहीं. परंतु ही सोय पदरांत पडावयाची असेल, तर आधीं एका प्रश्नाचें उत्तर दिलें पाहिजे: सिंकचा भार कोणीं वाहावयाचा?

वरून बसविलेलें सिंक आपल्या कांठानें ओट्यावर टेकतें. खालून बसविलेलें सिंक लोंबकळत असतें. ४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व १२ खोल अशा सिंकांत तोंडोतोंड पाणी भरल्यास त्या पाण्याचेंच वजन १४ किलोंहून अधिक होतें. मुलें आंत हात टेकून आरशांत पाहतात, तो भार वेगळाच. सिलिकॉनचा लेप पाणी अडविण्यासाठीं आहे. त्याच्यावर एवढा भार कायमचा सोंपविणें शहाणपणाचें नव्हे. यास्तव सिंकच्या दोन्ही बाजूंस कांठाखालीं घट्ट भिडतील अशा लांकडी पट्ट्या ओट्याच्या चौकटीस स्क्रूनें पक्क्या कराव्या. मग भार पट्ट्यांवरून चौकटीवर व चौकटीवरून जमिनीवर उतरतो.

दुसरा शत्रू ओल. फळी प्लायवुडची असेल, तर भोंकाची कापलेली कड हेंच तिचें मर्मस्थान होय. तेथून पाणी शिरलें कीं थर फुगतात व सुटूं लागतात. पाण्यांत टिकणारें, आय. एस. ७१० या भारतीय मानकाचें प्लायवुड घेतलें, तरी ती कड व फळीची खालची बाजू यांवर पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्यावे आणि ते पुरते वाळल्यावरच सिंक चढवावें.

सिलिकॉन लावण्यापूर्वीं दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटनें पुसून कोरडे करावे. लेप अखंड असावा. शिरक्यासारखा वास येणारें सिलिकॉन तांब्या-पितळेस व संगमरवरास बाधतें. तेथें ‘न्यूट्रल’ जातीचें घ्यावें. सिलिकॉन हवेंतील ओलाव्यानें घट्ट होतें; म्हणून निदान २४ तास सिंकांत पाणी सोडूं नये. सांडपाण्याच्या नळीस वांकडा ट्रॅप अवश्य असावा. त्यांत अडून राहिलेलें पाणीच गटाराची दुर्गंधी घरांत येऊं देत नाहीं.

शेवटीं सिंक भरून ठेवावें, मग एकदम रिकामें करावें, आणि प्रत्येक सांध्याखालीं कोरडा कागद फिरवावा. कागदावर ओलाव्याचा डाग उमटला, तर तो सांधा पुन्हां करावा.

स्टेनलेस स्टीलमध्यें साधारणतः १८ टक्के क्रोमियम असतें, आणि त्यामुळें पृष्ठभागावर बनणारा अतिसूक्ष्म थर त्याचें गंजापासून रक्षण करतो. फरशीचें अ‍ॅसिड त्या थराचा नाश करतें. तें सिंकांत कदापि ओतूं नये. साबणाचें पाणी व मऊ फडकें पुरेसें आहे.

ओट्याचें दार बंद झालें, कीं आंतील काम कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. म्हणूनच महिन्यांतून एकदां तें दार उघडून पट्ट्यांवरून व नळीवरून हात फिरविण्याची संवय घरांत असावी.