जोडीदाराला मधुमेह असेल तर...



पाड्यावरच्या एका आरोग्य भेटीत आम्हांला एक ताई भेटल्या. त्या दिवशी पहाटे उठून त्यांनी मधुमेहाची गोळी घेतली, पाणी भरले, भाकऱ्या थापल्या, नवऱ्याला व मुलांना वाढले आणि स्वतः काही न खाता लाकडे आणायला रानात गेल्या. वाटेत त्यांचे हातपाय थरथरू लागले, घाम फुटला, बोलणे अडखळू लागले. बरोबरच्या बाया म्हणाल्या, "हिला बाहेरचं काही लागलंय." खरे तर त्यांच्या रक्तातील साखर फार उतरली होती.

त्यांचे यजमान म्हणाले, "गोळ्या तर मी स्वतः आणून देतो." त्यांची काळजी खरी होती. पण गोळी आणि जेवण यांचा संबंध त्यांना कोणी समजावून सांगितला नव्हता. आपल्या मंडळीतही पती किंवा पत्नीला मधुमेह असलेली अनेक घरे आहेत. म्हणून हा लेख.

गोळी आणि ताट

टाइप टू मधुमेहात शरीर इन्सुलिन तयार करते, पण ते नीट काम करत नाही आणि पुढे पुढे कमीही पडते. त्यामुळे साखर रक्तातच साठून राहते. बहुतेकांना आधी मेटफॉर्मिन दिली जाते. ती जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर घ्यावी, म्हणजे मळमळ व जुलाब कमी होतात. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार उतरत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी मात्र शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. ती घेतली आणि जेवण राहिले, तर वर सांगितलेला प्रसंग ओढवतो.

म्हणून घरात एक नियम करा: गोळी हातात घ्यायची ती ताट समोर आल्यावरच. आपल्याकडे घरची बाई सर्वांत शेवटी जेवते. पत्नीला मधुमेह असेल, तर पतीने करायची पहिली मदत म्हणजे तिला आपल्याबरोबर जेवायला बसवणे. याला पैसा लागत नाही, सवय मोडावी लागते.

तपासणीत साखर चांगली आली की "आता बरे झाले" म्हणून गोळ्या बंद करणारे पुष्कळ आहेत. साखर चांगली आली ती गोळ्या व पथ्य यांमुळेच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. कारल्याचा रस किंवा झाडपाला हा गोळीला पर्याय नाही.

ताटात काय असावे?

"भात बंद, भाकरी कितीही" हा गैरसमज आहे. भात, भाकरी, वरई या सर्वांनी साखर वाढते. नाचणीची भाकरी पॉलिशच्या तांदळापेक्षा चांगली, पण तीही मोजूनच. नाचणीची पातळ आंबील भाकरीपेक्षा लवकर साखर वाढवते.

ताटाचे मनाने चार भाग करा. दोन भाग भाजी, एक भाग डाळ, उसळ, अंडे किंवा मासे, आणि एकच भाग भात किंवा भाकरी. पावसाळ्यात टाकळा, शेवग्याचा पाला अशा पालेभाज्या आपल्या दारातच मिळतात. बटाटा व रताळे मात्र भाजीत न धरता भाताच्या भागात धरा. गुळाचा चहा साखरेच्या चहाइतकाच अपाय करतो.

जोडीदारासाठी वेगळे शिजवू नका. हे जेवण साऱ्या घराला चांगले आहे. आणि प्रत्येक घासाला टोकू नका. टोकल्याने माणूस लपून खाऊ लागतो.

साखर उतरली तर

थरथर, घाम, धडधड, चिडचिड, गोंधळल्यासारखे बोलणे ही लक्षणे ओळखा. ७० पेक्षा कमी साखर म्हणजे धोका. यंत्र नसेल तर थांबू नका. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांत बरे वाटले नाही, तर पुन्हा द्या. बरे वाटल्यावर जेवण द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

उपाशीपोटी घेतलेली दारूही साखर खाली आणते. अशा वेळी तोल गेलेल्या माणसाला "प्यायलाय" म्हणून सोडून देणे त्याच्या जिवावर बेतू शकते.

उपवास आणि स्थलांतर

उपवास-प्रार्थनेच्या दिवशी गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहणे धोक्याचे आहे. आधी डॉक्टरांना विचारा. प्रार्थनेला बसावे, पण जेवून. हे पाळकांनी मंडळीत उघडपणे सांगितले, तर आजाऱ्याला संकोच वाटणार नाही.

भातकापणीनंतर कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि तिथे गोळ्या संपतात. निघण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातून जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्या. जुनी चिठ्ठी जपून न्या, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना औषध कळेल.

जोडीने करायच्या गोष्टी

रोज रात्री एकमेकांचे तळपाय कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात पाहा. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते. काटा रुतला तरी कळत नाही. जखम दिसली तर लगेच दाखवा. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी डॉक्टर सांगतील तशी करा. डोळ्यांचा पडदा, लघवी व मूत्रपिंडाची तपासणी वर्षातून एकदा. तपासणीला दोघांनी मिळून जा, कारण डॉक्टरांचे बोलणे दोघांनी ऐकले तर घरी विसरत नाही.

त्या ताई आता यजमानांबरोबरच जेवायला बसतात. भाकरी तीच, घर तेच. गोळीची आठवण आता यजमानच करून देतात, तीही ताट वाढल्यावर.