छपाईचा हुकूम फाईलच्या पोटात

पॉवरपॉइंटच्या एखाद्या फाईलची आधी नक्कल करून घ्या. मग त्या नकलेच्या नावाच्या शेपटाचं 'पीपीटीएक्स' खोडून तिथे 'झिप' लिहा. विंडोज एकदा सावध करतं, पण मग ऐकतं. आता ती उघडा: आत फोल्डरांचा अख्खा संसार! त्यातल्या 'पीपीटी' फोल्डरमध्ये 'प्रेसप्रॉप्स' नावाची एक चिमुकली फाईल असते, साध्या नोटपॅडमध्येही उघडते. कुणी छपाईची आवड आधीच ठरवून ठेवली असेल, तर ती इथे एका ओळीत लिहिलेली सापडते. काय छापायचं? 'हँडआउट्स६', म्हणजे एका पानावर सहा स्लाइड्स. रंग? 'ग्रे'. बस, एवढंच.

या ओळीचं मला फार अप्रूप वाटतं, कारण कॉलेजच्या संगणक कक्षात वर्षानुवर्षं पडणारं कोडं ती सोडवते. सगळ्यांच्या वापरातल्या मशीनवर सकाळी कुणीतरी 'पानावर सहा' असं ठरवून जातं आणि दुपारी दुसऱ्याच्या चाळीस स्लाइड्स चाळीस पानांवर भसाभस बाहेर येतात. मशीन विसराळू नसतं. सकाळची ती आवड त्या फाईलची होती आणि फाईलबरोबर पेन ड्राइव्हमधून निघून गेली.

ती ठरवायची जागा जरा आडबाजूला आहे. 'फाईल', 'ऑप्शन्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड' असं जाऊन खाली उतरत राहायचं. 'व्हेन प्रिंटिंग धिस डॉक्युमेंट' हे शब्द दिसले की थांबायचं. त्यातला 'धिस' महत्त्वाचा: हीच फाईल, दुसरी नाही. तिथेच लपवलेल्या स्लाइड्स छापायच्या का, स्लाइडला चौकट हवी का, हेही सांगता येतं. फाईल सेव्ह केली की हे सारं तिच्याबरोबर कुठेही जातं.

कागदाला इतका मान का? पॉवरपॉइंटचा जन्मच कागदासाठी झाला. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट या छोट्या कंपनीत घडवलेली पहिली आवृत्ती १९८७ साली मॅकिंटॉशवर आली, तीही कृष्णधवल. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शिकांसाठीची पानं छापून घेणं हे तिचं मुख्य काम. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलर मोजून फोरथॉट विकत घेतली. आज पडद्यावर हलणाऱ्या-सरकणाऱ्या स्लाइड्स बघताना हे खरं वाटत नाही.

मग सामाईक संगणकांचं काय करावं? विभागाने एक कोरी फाईल बनवावी, तिच्यात पानावर सहा स्लाइड्स आणि करडा रंग ठरवावा आणि ती 'रीड-ओन्ली' करून सगळ्या मशीनवर ठेवावी. सगळ्यांनी तिथूनच सुरुवात करून नव्या नावाने सेव्ह करावं. चाळीस स्लाइड्स सात पानांत मावतात.

कागदाच्या दोन्ही बाजू वापरायच्या का, हे मात्र त्या ओळीत नसतं. तो अधिकार प्रिंटरचा. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' बदलले, तर ते फक्त लॉग-इन केलेल्या माणसापुरतं. 'अ‍ॅडव्हान्स्ड'खालचे 'प्रिंटिंग डीफॉल्ट्स' मात्र त्या मशीनवर बसणाऱ्या सगळ्यांसाठी असतात, आणि ते बदलायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. तेवढं कक्षाच्या प्रमुखांकडून करून घेतलं, की त्या चाळीस स्लाइड्सना चार कागद पुरतात.