‘दे टाळी!’ : एका स्नेहमुद्रेचा विचार

विनोद सांगून झाला, ऐकणारा मनापासून हसला, की सांगणाऱ्याने तळहात उताणा करून पुढे धरावा आणि ऐकणाऱ्याने त्यावर आपला हात मारावा, हा मराठी माणसाचा जुना परिपाठ. त्याला शब्द लागतात दोनच : ‘दे टाळी!’ इंदूरच्या सुदामानगरात आम्ही हीच मागणी हिंदीतही ‘दे ताली’ म्हणून ऐकतो. अलीकडे विद्यार्थी हात डोक्याच्या वर नेऊन परस्परांच्या तळहातावर आपटतात व त्यास ‘हाय-फाइव्ह’ म्हणतात. आपली टाळी म्हणजे या परदेशी मुद्रेचीच नक्कल, असा समज काही तरुण शिक्षकबंधूंतही आढळतो, म्हणून हा प्रपंच.

‘टाळी’ हा शब्द संस्कृत ‘ताल’ याच्या कुळातला. टाळ व टाळकरी हे त्याचेच भाऊबंद. हाताने ताल वाजविणाऱ्या कलावंतासाठी पाणिनीने ‘पाणिघ’ हा शब्द सिद्ध केला आहे. ‘मेघदूता’तील यक्षपत्नी कंकणे किणकिणवीत टाळ्या देते आणि मोर नाचतो. परंतु या टाळीतले दोन्ही हात एकाच व्यक्तीचे. ‘दे टाळी’मध्ये एक हात माझा, दुसरा तुमचा. ही टाळी वाजविता येत नाही. ती मागावी लागते, आणि समोरच्याने द्यावी लागते. एका हाताने टाळी वाजत नाही, ही म्हण आपण बहुधा भांडणाच्या संदर्भात वापरतो, हा भाषेचा खट्याळपणाच म्हणावयाचा. मात्र दुरावलेल्या दोन पक्षांच्या समेटाची वार्ता देताना मराठी वृत्तपत्रे आजही ‘कोण कोणाला टाळी देणार’ असेच विचारतात. तेथे शब्दाचा मूळ स्नेहार्थ शाबूत आहे.

आपल्या इतर अभिवादनांशी तुलना केली म्हणजे या मुद्रेचे वेगळेपण ध्यानी येते. दरबारी मुजऱ्यात वाकणारा कोण आणि मुजरा घेणारा कोण, हे आधीच ठरलेले असते. नमस्काराविषयी भरताने ‘नाट्यशास्त्रा’त मोठा मार्मिक भेद केला आहे : अंजली देवतांसाठी मस्तकाशी, गुरूंसाठी मुखाशी आणि मित्रांसाठी वक्षाशी धरावी. म्हणजे हात जसजसे खाली येतात, तसतशी जवळीक वाढते. पण मित्रासाठी जोडलेले हातही आपापल्याच छातीशी राहतात. टाळीत ते अंतर उरत नाही. म्हणूनच मुलगा वडिलांकडे टाळी मागत नाही, शिष्य गुरुजींकडे मागत नाही. मंगळागौरीच्या खेळांत सख्या टाळीला टाळी देतात, तेथेही नाते बरोबरीचेच. (‘हस्तांदोलन’ या घडविलेल्या शब्दाला पाठ्यपुस्तकाचा वास येतो, टाळीला तो कधी आला नाही.)

बरोबरी आणि स्पर्श या दोन गोष्टी आल्या की आपल्या समाजाचा दुखरा भाग उघडा पडतो. नमस्कार दुरून करता येतो. टाळी दुरून देता येत नाही. येथून जवळच, महू येथे, १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की साताऱ्याच्या शाळेत त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. नळ शिपायाने उघडला तरच पाणी मिळे. त्या मुलाने हसून तळहात पुढे केला असता, तर त्यावर हात कोणी मारला असता? राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली; पण मधल्या सुट्टीत कोण कोणाला टाळी देतो, हे कोणत्याही अनुच्छेदात लिहिता येत नाही. ते शिक्षकाने पाहावयाचे असते.

अमेरिकेतील कथाही याच वळणाची आहे. तळहाताखाली तळहात धरून ‘दे’ म्हणण्याची रीत तेथील कृष्णवर्णीयांत, विशेषतः जाझ वादकांत, कित्येक दशके रूढ होती. आणि याच लोकांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे करणे गोऱ्यांना उद्धटपणा वाटे, कारण त्यात बरोबरीचा दावा होता. हात वर गेला तो पुढे. २ ऑक्टोबर १९७७ रोजी लॉस एंजेलिस येथील बेसबॉलच्या सामन्यात डस्टी बेकर याने मोसमातील तिसावी ‘होम रन’ काढली, तेव्हा ग्लेन बर्क याने हात उंचावून त्याचे स्वागत केले व बेकरने त्यावर हात मारला, ही त्या मुद्रेची सर्वांत प्रसिद्ध जन्मकथा होय. लुईव्हिलच्या बास्केटबॉल खेळाडूंचाही त्यावर दावा आहे. उंच हात विजयाचा, उताणा तळहात विनोदाचा. पहिला कमाईवर मिळतो, दुसरा नुसत्या हसण्यावर. माझा कल कोणीकडे, हे वाचकांनी ओळखले असेलच.

२०२० च्या महामारीने स्पर्शच वर्ज्य केला. २२ मार्चच्या सायंकाळी पाच वाजता देशभर टाळ्या वाजल्या खऱ्या, परंतु त्या ज्याच्या त्याच्या दोन हातांच्या. पुढे शाळा उघडल्या, तेव्हा मुलांनी परस्परांपासून दूर बसावे अशा सूचना आम्हीच वर्गावर्गांत लावल्या होत्या. पहिल्या मधल्या सुट्टीत कोणी तरी काही तरी सांगितले, हशा पिकला, आणि तळहात पुढे आले.