दोन इंच वर

सकाळी 8:30
चुडाव्याच्या रस्त्यालगतचं गॅरेज. एकीकडे पूर्णा, दुसरीकडे नांदेड. उस्ताद झाडून घेतो, मग पान्यांची पेटी बाहेर मांडतो. 8-9, 10-11, 12-13, 14-15, दोन पक्कडी, एक टी-पाना, वंगणाचा डबा. हाताखालचा पोरगा पूर्णेहून येतो. आयटीआय झालेला, रोज 300 रुपये. पंक्चर आणि हवा त्याच्याकडे.

9:40
दूधवाले काका येतात. पहाटेच नांदेडला दूध घालून परतलेत. स्प्लेंडरच्या दोन्ही बाजूंचे कॅन रिकामे.
“उस्ताद, कंबर लई दुखायली. हँडल वर घे जरा.”
“दोन इंच घेतो काका. त्याच्यावर नाही.”
हँडलच्या खाली टेकू येणार. टेकू, लांब बोल्ट धरून 250. जुने चार बोल्ट निघाले, टेकू बसले, हँडल वर आलं. पंधरा मिनिटं. बघणाऱ्याला वाटतं, झालं काम. खरं काम इथून पुढे आहे. हँडल वर गेलं, पण वायरी होत्या तेवढ्याच लांब आहेत.

10:00
गाडी मेन स्टँडवर. पोरगा मागून दाबून धरतो, पुढचं चाक अधांतरी. उस्ताद हँडल डावीकडे टोकापर्यंत वळवतो, मग उजवीकडे. एकेका वायरीवर बोट ठेवत जातो. क्लचची ताठ झाली. पुढच्या ब्रेकची बरी आहे, पण चाक खाली लोंबकळतं तेव्हा तीही ताणते. शॉकअप पूर्ण उघडलेला असताना बघायचं, ते यासाठीच. खड्ड्यातून गाडी उसळली की हीच वेळ येते.

आता इंजिन चालू. ॲक्सलेटरला हात नाही. हँडल नुसतं उजवीकडे वळवलं आणि इंजिनाचा आवाज आपोआप चढला.
“ऐकलंस?” उस्ताद पोराला विचारतो. “वळणावर काकांनी काही न करता गाडी पळंल. तेही भरल्या कॅननी.”
काकांची नजर पेट्रोलच्या काट्यावर. इंजिन उभ्या जागी चालू आहे. परभणी जिल्ह्यातलं पेट्रोल राज्यात महागड्यांपैकी. टँकर मनमाडच्या डेपोतून येतो, तीनशे किलोमीटरच्या वर. उस्ताद लगेच बंद करतो.

10:20
हेडलाइट उघडली. पुढून वळसा घेऊन येणाऱ्या वायरी तो एकेक सोडतो आणि मागून, टाकीच्या बाजूने आणतो. वाट जवळची झाली की वायरीला ढील मिळते. पण मागे एक धोका असतो. हँडल पूर्ण वळलं की जिथे लोखंड लोखंडाला टेकतं, तिथे वायर सापडली तर महिनाभरात तुटते. तो बोट घालून ती जागा चाचपतो. पट्टी बांधतो, घट्ट नाही, वायर आतून सरकेल इतकी. स्विचच्या विजेच्या वायरीही आतून थोड्या बाहेर ओढून घेतो, नाहीतर आठ दिवसांत हॉर्न जातो.

क्लचच्या वायरीचं टोक लिव्हरपाशी उसवलेलं निघालं. दोन तारा तुटलेल्या. नवी 150 ला. जोडण्याआधी उभी धरून वरून तेलाचे थेंब सोडले, खाली ठिबकेपर्यंत. लिव्हरला बोटभर ढील ठेवली. ती नसेल तर क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेटा जळतात.

पुन्हा इंजिन, पुन्हा दोन्ही टोकं. आवाज हलत नाही. काका सामानाचे 400 देतात. मजुरीचे 200 एक तारखेला, दुधाचे पैसे आले की.

12:50
डबा. ज्वारीची भाकरी, ठेचा, वरण. पूर्णेकडे जाणारी रेल्वे ऐकू येते.

2:15
जीपवाल्याने नांदेडहून पार्सल आणलं, त्याचे 30. आत डिस्क ब्रेकचा लांब पाईप. पल्सरवाल्या पोराने हँडल बाहेर कुठेतरी चढवून घेतलं, पाईप तसाच ठेवला होता. हँडल डावीकडे वळलं की पाईप तारेसारखा ताठ व्हायचा. पाईप ओढून पुरवायचा नसतो. उस्तादने परवाच गाडी ठेवून घेतली, चालवू दिली नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. अडवलेल्या गाडीच्या दोन दिवसांचे पैसे कुणी देत नाही.

ब्रेक ऑइल रंग खातं. म्हणून टाकीवर ओलं फडकं, शेजारी पाण्याचा मग. जुना पाईप सोडला. दोन्ही टोकांच्या बोल्टला तांब्याचे वायसर, प्रत्येकी दोन. जुने चपटे झालेले असतात, पुन्हा लावत नाही. चार नवे, 20 रुपये. 450 चा पाईप वाचवायचा नाही आणि वायसरही नाही. ऑइल झाकणावर लिहिलेलंच, सीलबंद बाटलीतलं. उघडी बाटली हवेतला ओलावा ओढते.

मग हवा काढणं. पोरगा लिव्हर चार वेळा दाबतो, धरून ठेवतो. उस्ताद खाली कॅलिपरचं निप्पल पाव फेरा सोडतो. पारदर्शक नळीतून ऑइल आणि बुडबुडे. निप्पल बंद. “सोड.” वरचं ऑइल तळाला जाऊ द्यायचं नाही, नाहीतर हवा पुन्हा आत. दाब, धर, सोड. हाच खेळ पाऊण तास. बुडबुडे बारीक होत थांबतात. लिव्हर दगडासारखी लागते.

लिव्हर ट्यूबच्या पट्ट्याने हँडलला आवळून ठेवली. चहा होईपर्यंत ताण राहू द्यायचा. नंतर दोन्ही बोल्टांवर कोरडा कागद फिरवला. ओल नाही. मग उस्ताद स्वतः फाट्यापर्यंत जाऊन आला, आधी चालत्या माणसाच्या वेगाने. मजुरी 350.

6:15
काका संध्याकाळचं दूध भरून थांबतात. ओझ्यासकट हँडल दोन्हीकडे वळवून झालं. क्लचची ढील जरा वाढली होती, नट दोन फेरे फिरवला. “नवी वायर बसते काका. आठ दिवसांनी परत दाखवा, पैसे नाहीत.”

7:10
वही. मजुरी 200, 350, किरकोळ 280. एकूण 830. पोराचे 300, चहाचे 60, जीपचे 30. उरले 440. त्यातले काकांकडचे 200 यायचेत. हातात 240, आणि उद्यासाठी दोन क्लच वायरी सांगायच्या आहेत नांदेडला.