सापाला गोधडीची ऊब लागत नाही

थंडी पडली, की आपण गोधडी काढतो आणि थोड्या वेळात अंगात ऊब येते. ही ऊब गोधडीची, असं आपण म्हणतो. पण ती असते आपलीच. खाल्लेल्या अन्नातून आपलं शरीर सतत उष्णता तयार करत असतं, गोधडी ती बाहेर जाऊ देत नाही, एवढंच. सापाला गोधडीत गुंडाळून ठेवलं, तर तो गारचा गारच राहील. त्याला उष्णता बाहेरून घ्यावी लागते. मार्गशीर्ष-पौषात सकाळी शेताच्या बांधावर उन्हात पडलेली धामण आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ती दिवसभराच्या हिंडण्याफिरण्यापुरती ऊब गोळा करत असते.

याला एक अपवाद आहे, तो सांगून पुढे जातो. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि स्नायूंना झटके देत स्वतः उष्णता निर्माण करते. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीवर मोजमापं घेऊन १९६६ मध्ये हे सिद्ध झालं. हवा जितकी गार, तितके तिचे झटके जास्त. पण हे अंडी उबवण्यापुरतंच.

मग थंड देशात, थंड घरात पाळलेल्या सापाचं काय होत असेल? हा प्रश्न आता आपल्याही घरांपर्यंत आला आहे. मुलं शिकायला ब्रिटन-अमेरिकेत जातात. तिथं बिनविषारी साप पाळणं सर्रास चालतं. घरात बरोबर राहणाऱ्याचा साप सुट्टीत सांभाळायची वेळ येते आणि इकडे आईवडिलांची झोप उडते. मी स्वतः काही वर्षं इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला राहिलो आणि घरात कॉर्न स्नेक सांभाळला, म्हणून ही माहिती अनुभवानं सांगतो. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे, त्याकडे शेवटी येईन.

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला साप. दुसरा लोकप्रिय साप म्हणजे बॉल पायथन, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. इंग्लंडमध्ये हिवाळ्याच्या रात्री हीटिंग बंद केलं, की खोली १२-१५ अंशांवर येते. २०२२ मध्ये तिथं वीज आणि गॅस फार महागला, तेव्हा अनेकांनी दिवसाही हीटिंग कमी केलं. माणसानं दोन स्वेटर घातले की भागतं, सापाचं भागत नाही.

कारण उबेवर त्याचं पचन अवलंबून असतं. साप उंदीर अख्खा गिळतो. तो पचवणारे पाचकरस शरीर उबदार असेल तरच नीट काम करतात. शरीर गार पडलं, तर उंदीर पोटात कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. प्रतिकारशक्तीही मंदावते. मग श्वासाचा आजार होतो. साप तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागला, तोंडापाशी बुडबुडे दिसले किंवा श्वासाला घरघर लागली, तर वाट न पाहता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावं.

कुणी विचारेल, साप हिवाळ्यात झोपून राहतात ना? राहतात, पण त्याआधी त्यांनी खाणं सोडलेलं असतं, पोट रिकामं असतं. घरातल्या सापाची गत मधल्या मध्ये होते. झोपून जावं इतकी थंडी नाही आणि खाल्लेलं पचावं इतकी ऊब नाही. हीच अर्धवट थंडी घातक.

आता उपाय. पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती अशी, की सगळी पेटी सारखी तापवायची नाही. सापाला निवड हवी असते. पेटीचं एक टोक उबदार आणि दुसरं गार ठेवायचं. कॉर्न स्नेकला उबदार टोकाला २८ ते ३० अंश सेल्सियस आणि गार टोकाला २० ते २४ अंश पुरतात. बॉल पायथनला दोन्हीकडे थोडं जास्त लागतं, साधारण ३२ आणि २५. लपायची जागा दोन्ही टोकांना हवी. एकाच टोकाला असेल, तर भित्रा साप ऊब सोडून आडोसा धरतो. दोन्ही टोकांना डिजिटल थर्मामीटर ठेवावा. हाताला 'बरं लागतंय' हा अंदाज उपयोगाचा नाही.

ऊब देण्याची दोन साधनं प्रचलित आहेत. एक हीट मॅट, म्हणजे पेटीच्या तळाला किंवा बाजूला लावायची विजेवरची पातळ चटई. ती तळाच्या साधारण एक तृतीयांश भागापुरतीच असावी. मात्र ती स्पर्शानं ऊब देते, हवा फारशी तापवत नाही. खोलीच फार गार असेल, तर एकट्या मॅटनं भागत नाही. तिथं दुसरं साधन, सिरॅमिक हीटर, कामाला येतं. तो बल्बसारखा वरून लावतात. त्याचा उजेड पडत नाही, त्यामुळे रात्रीही चालतो. त्याला जाळीचं आवरण हवंच, नाहीतर साप त्यालाच विळखा घालतो.

कुठलंही साधन घेतलं तरी थर्मोस्टॅटशिवाय लावू नये. विजेवर तापणारे नकली दगड मिळतात, ते तर घेऊच नयेत. बाकी पेटी गार असली, की साप त्या एका गरम जागेला चिकटून राहतो आणि पोटाची कातडी भाजेपर्यंत हलत नाही. थंडीपेक्षा अतिउष्णता लवकर जीव घेते.

घराकडेही थोडं बघावं लागतं. पेटी खिडकीजवळ, बाहेरच्या भिंतीला लागून किंवा थेट जमिनीवर नको. काचेपेक्षा लाकडी पेटी ऊब जास्त धरते. काचेची असेल तर मागून आणि दोन्ही बाजूंनी थर्माकोल लावावा. पण हवेची भोकं आणि हीट मॅट झाकू नये. खर्चाचा हिशोब सोपा आहे. १०० वॅटचा हीटर थर्मोस्टॅटवर निम्मा वेळ चालला, तर दिवसाला १.२ युनिट वीज जाते. खोली तापवणारा २,००० वॅटचा हीटर तेवढी वीज ३६ मिनिटांत खातो. म्हणून घर तापवण्याऐवजी पेटी तापवावी.

वीज गेली तर घाबरून जाऊ नये. धडधाकट साप काही तासांची थंडी सोसतो. त्याला सुती पिशवीत घालून थर्माकोलच्या खोक्यात ठेवावं, हवेला भोकं ठेवावीत. शेजारी गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून द्यावी, थेट अंगाला लागू देऊ नये. आणि ऊब परत पूर्ववत होईपर्यंत खायला देऊ नये.

आता आपला कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचा नाग, धामण, अजगर घरी पाळता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणी बाळगायचे तर नोंदणी बंधनकारक आहे. बॉल पायथन त्या यादीत आहे. आणि थंडीत अंगणात एखादा साप सुस्त पडलेला दिसला, तर दया येऊन त्याला घरात, चुलीजवळ आणू नका. ऊन चढलं, की तो आपोआप निघून जाईल. जागा अडचणीची असेल, तर लांब राहून सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवावं.

परदेशातल्या आपल्या मुलांना मात्र एवढं जरूर सांगा: साप घरात घेण्याआधी एक हिवाळाभर त्याची पेटी उबदार ठेवणं परवडेल का, याचा हिशोब मांडा. उत्तर 'नाही' असेल, तर साप आणू नका. आपल्याला थंडी वाजली तर आपण दुसरं पांघरूण घेतो. पेटीतला साप ऊन शोधायला बाहेर जाऊ शकत नाही.