फटिकने ताप का लपवला?

रवींद्रनाथ टागोरांची 'छुटी' ही कथा १८९०च्या दशकातली. फटिक चक्रवर्ती हा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, गावातल्या पोरांचा म्होरक्या. दिवसभर नदीकाठी हुंदडायचं, खोड्या काढायच्या. आई अगदी जेरीला आलेली. कलकत्त्याचे मामा येतात आणि त्याला शिकायला आपल्या घरी घेऊन जातात. फटिक आनंदाने निघतो. पण तीन मुलं सांभाळणाऱ्या मामीला हा चौथा नको असतो. शाळेत तो मागे पडतो, मार खातो. पुस्तक हरवतं आणि नवं मागायची चोरी. घरी कधी जायचं, असं मामांना विचारलं की उत्तर येतं, सुट्टी लागू दे. एक दिवस त्याच्या अंगात ताप भरतो. आपण आजारी पडलो तर मामीला भार होईल, या भीतीने तो कुणालाही न सांगता भर पावसात घरातून निघून जातो. पोलीस त्याला परत आणतात तेव्हा तो तापाने फणफणलेला असतो. पुढे काय होतं, ते मूळ कथेतच वाचावं.

सातवी-आठवीच्या वर्गात ही कथा वाचून एकच प्रश्न विचारला तरी तास पुरत नाही. फटिकने ताप का लपवला? मुलं आधी मामीला दोष देतात. मग कुणी म्हणतं, मामांच्या लक्षात कसं आलं नाही? त्यानंतर हळूहळू स्वतःकडे वळण्याची वाट मोकळी होते: फळा दिसत नाही हे न सांगणारा मुलगा, पाळी आल्याचं लपवणारी मुलगी, पोटात दुखत असूनही गप्प बसणारं वसतिगृहातलं पोर. शरीराचं दुखणं आणि मनाचं दुखणं इथे वेगळं काढताच येत नाही. आरोग्य शिकवायला गोष्टच का हवी, याचं उत्तर मला या एका कथेत मिळतं. आणि ती कशी शिकवू नये, याचंही.

बोधकथेची सवय

आपल्याकडे शाळा परिपाठाने सुरू होते. प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि एक बोधकथा. बोधकथा संपली की तात्पर्य. दात न घासणारा बंटी, हात न धुणारी चिंगी, शेवटी दोघांचीही फजिती. अशा गोष्टीचं उत्तर मुलांना दुसऱ्याच वाक्याला कळलेलं असतं. ती उत्तर देतात, आपण खूश होतो आणि डबा खाताना हात तसेच राहतात.

ही सवय जुनी आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या 'वर्णपरिचय'मध्ये (१८५५) शहाणा गोपाल आणि वांड राखाल आहेत. दुसऱ्या भागात भुवन आहे. लहानपणी चोरीबद्दल कुणी रागावलं नाही म्हणून तो अट्टल चोर होतो आणि फाशीच्या वेळी मावशीला जवळ बोलावून तिचा कान चावतो. पुस्तक थोर आहे, बंगाली मुलांच्या पिढ्या त्यावर अक्षरं शिकल्या. पण गोपालबद्दल मुलाला विचारण्यासारखं काही उरत नाही. तो चांगला आहे, एवढंच.

कलकत्त्यातच याला उतारा तयार झाला. १९१३ साली उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी 'संदेश' हे मुलांचं मासिक काढलं. त्यांचे चिरंजीव सुकुमार राय यांनी जन्माला घातलेला दाशू वर्गात असे उपद्व्याप करतो की तो खरंच वेडा आहे की सगळ्यांपेक्षा हुशार, हे लेखक शेवटपर्यंत ठरवून देत नाही. मानसिक आरोग्याच्या तासाला याहून चांगलं निमित्त मला सुचत नाही. दाशूला 'वेडा' कोण म्हणतं? आपल्या वर्गात असं कुणाला म्हणतात? त्याला ते ऐकून काय वाटत असेल?

मराठी शिक्षकाला फार दूर जायलाही नको. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'मध्ये पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते. आपण यातून धाडसाचा धडा काढतो आणि पुढे जातो. त्याऐवजी विचारून पाहा: श्यामला त्या वेळी आईचा राग आला असेल का? मारल्यानंतर आईला काय वाटलं असेल? भीती घालवायचा दुसरा काही मार्ग होता का? ज्यांना घरी मार बसतो अशी मुलं या प्रश्नांवर वेगळ्या आवाजात बोलतात.

गोष्ट मनात काय करते

१९४९ साली कॅरोलिन श्रोड्स या अमेरिकन संशोधिकेने यावर प्रबंध लिहिला. तिच्या मते वाचणारा तीन पायऱ्यांनी जातो. आधी तो पात्राशी नातं जोडतो, मग पात्राच्या निमित्ताने साचलेलं मोकळं होतं आणि शेवटी स्वतःच्या प्रश्नाकडे पाहण्याची नवी दृष्टी येते. तात्पर्य विचारणारा शिक्षक पहिल्या दोन पायऱ्या गाळून मुलाला तिसरीवर उभं करू पाहतो, म्हणून ते टिकत नाही. 'मला एकटं वाटतं' हे वाक्य बारा वर्षांच्या मुलाला चाळीस जणांसमोर उच्चारता येत नाही. 'फटिकला एकटं वाटत होतं' हे मात्र तो सहज म्हणतो. पात्राच्या आड उभं राहून बोलण्याची ही सोय हीच गोष्टीची खरी ताकद.

कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बसूंनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. याच डॉक्टरांनी मुलांसाठी 'लाल कालो' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात लाल आणि काळ्या मुंग्यांची लढाई आहे. वर्गातल्या दोन गटांचं भांडण मिटवायला 'तुम्ही का भांडलात?' यापेक्षा मुंग्यांपासून सुरुवात करणं कितीतरी सोपं.

भीतीच्या गोष्टी

मराठी वाचकाला थोडी बोचेल अशी एक गोष्ट इथे सांगायला हवी. बंगालमध्ये मुलांना झोपवताना म्हटल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध अंगाईत भीती आहे ती 'बर्गीं'ची, म्हणजे आपल्या मराठा स्वारांची. १७४०च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार चालून गेल्या. त्यांना अडवायला इंग्रजांनी कलकत्त्याभोवती जो खंदक खणायला घेतला, त्याचं नावच 'मराठा डिच' पडलं. पीक गेलं, सारा कुठून भरायचा, ही मोठ्यांची चिंता लहान मुलाच्या गाण्यात उतरली आणि अडीचशेहून अधिक वर्षं तिथे राहिली.

घरातल्या मोठ्यांची धास्ती मुलांपर्यंत न सांगताही पोहोचते, याचा याहून ठळक पुरावा नाही. बापाची नोकरी गेली, आजी दवाखान्यात आहे, घरात कर्जाची कुजबुज चालू आहे. मुलाला तपशील माहीत नसतो, पण भीती कळते. लहान वयात ही भीती शब्दांत येत नाही, ती शरीरातून बोलते. दर सोमवारी पोटात दुखतं, झोप लागत नाही, सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओलं होतं. डॉक्टरांकडून तपासून घ्यायचंच, पण त्याबरोबर गोष्टही हवी. दक्षिणारंजन मित्र मजुमदारांच्या 'ठाकुरमार झुली'मध्ये (१९०७) लालकमल आणि नीलकमल हे भाऊ राक्षसांच्या धाकात आळीपाळीने रात्रीचा पहारा देतात. 'तुझ्याबरोबर पहाऱ्याला कोण बसेल?' असं मुलांना विचारा आणि त्या माणसाचं चित्र काढायला सांगा. ज्याच्या कागदावर कुणीच नसेल, त्याच्याकडे त्या आठवड्यात विशेष लक्ष द्यायला हवं.

डास, काळा आजार आणि मीठ-साखरेचं पाणी

रोगांची माहिती मात्र कल्पित कथेवर सोडू नये. तिथे आधी खऱ्या गोष्टी हव्यात आणि कलकत्त्याकडे त्या भरपूर आहेत. पक्ष्यांमधला मलेरिया डासांमार्फत पसरतो, हे रोनाल्ड रॉसने १८९८ साली याच शहरात सिद्ध केलं. मुलांना पोट धरून हसवणारे सुकुमार राय १९२३ साली अवघ्या पस्तिसाव्या वर्षी काळ्या आजाराने गेले. त्यांचं 'आबोल ताबोल' पुस्तक होऊन आलं ते त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी. या आजारावरचं युरिया स्टिबामाइन हे औषध उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी त्याच शहरात, त्याच सुमाराला शोधलं होतं. औषध सापडणं आणि ते रोग्यापर्यंत पोहोचणं यांत किती अंतर असतं, हे मुलांना इथे समजावता येतं.

प्रेमेंद्र मित्रांच्या थापाड्या घनादाची पहिली कथा १९४५ची, नाव 'मशा', म्हणजे डास. ती वाचून वर्गाला काम द्यावं: घनादाने थाप कुठे मारली ते शोधा. मग खरं काय ते शोधावंच लागतं. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. कारण कळलं की मुलं घरची पिंपं स्वतःहून रिकामी करायला लागतात.

पण माझ्या मते सगळ्यांत मोलाची कथा डॉ. दिलीप महालनबीस यांची. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. महालनबीसांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पाण्यात कालवून ते नातेवाइकांच्या हातून रोग्यांना पाजायला लावलं. शेकडा ३०च्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण शेकडा ४च्या खाली आलं. पुढे १९८० ते १९९० या काळात बांगलादेशात 'ब्रॅक' संस्थेच्या कार्यकर्त्या दारोदार गेल्या आणि मूठभर गूळ, चिमूटभर मीठ व पाणी यांचं प्रमाण त्यांनी सव्वा कोटीच्या आसपास घरांना शिकवलं. ही कथा सांगायची आणि लगेच वर्गातच पाणी करून दाखवायचं: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मोजायचा चमचा चहाचा. चौथीतल्या मुलाला हे जमतं आणि धाकट्या भावंडाला जुलाब झाले तर डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत ते जीव वाचवू शकतं. डॉक्टर महालनबीस २०२२ साली वारले. त्यांचं नाव आपल्या मुलांना माहीत नसावं, याचं मला फार वाईट वाटतं.

मृत्यूबद्दल बोलावं का?

बहुतेक शिक्षक टाळतात. टागोरांच्या 'डाकघर' नाटकातला अमल आजारी आहे. वैद्याने त्याला घराबाहेर पडायची बंदी केली आहे आणि तो खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत असतो. १८ जुलै १९४२ रोजी वॉर्सातल्या ज्यूंच्या कोंडलेल्या वस्तीत यानुश कोर्चाक यांच्या अनाथालयातील मुलांनी हे नाटक केलं. कोर्चाक बालरोगतज्ज्ञ होते, मुलांचे लेखकही होते. मृत्यू समोर असताना मुलांना तो शांतपणे स्वीकारता यावा म्हणून त्यांनी हे नाटक निवडलं, असं सांगितलं जातं. काही आठवड्यांतच नाझींनी त्यांना मुलांसह ट्रेब्लिंका छावणीकडे नेलं. स्वतः सुटण्याची संधी असूनही कोर्चाक यांनी मुलांना सोडलं नाही.

कोविडच्या दोन वर्षांत आपल्या वर्गांतल्या कितीतरी मुलांनी आई-वडील, आजी-आजोबा गमावले आणि शाळा उघडल्यावर आपण थेट अभ्यासक्रम भरून काढायला बसलो. अमलची गोष्ट तेव्हा वाचायला हवी होती. अजूनही वाचता येईल.

वर्गात कसं करावं

आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात (२०२०) प्रत्येक शाळेतून दोन शिक्षकांनी आरोग्यदूत व्हावं आणि आठवड्याला एक तास द्यावा, अशी कल्पना आहे. त्या एका तासात पाटी-पुस्तक बाजूला ठेवून गोष्ट मोठ्याने वाचावी. वाचून झाल्यावर थोडं थांबावं, ही शांतता बऱ्याच शिक्षकांना झेपत नाही. प्रश्न पात्राबद्दल विचारावेत, मुलाबद्दल नाही. ज्याला बोलायचं नाही त्याला गप्प बसू द्यावं. चुकीचं उत्तर नसतंच, म्हणून गुणही नकोत. गोष्टीवर परीक्षा घेतली की मुलं पुन्हा तात्पर्य शोधायला लागतात.

पुस्तकांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं घरातल्या साध्या प्रसंगांतून मुलांच्या भावना टिपतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी आणि बंगाली गोष्टी मोफत वाचता येतात, भाषांतरही करता येतं.

गोष्ट हा उपचार नव्हे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवावं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं, म्हणजे चाळिसांच्या वर्गात सरासरी तिघं. त्यांना तज्ज्ञाकडे पोहोचवणं हे शिक्षकाचं काम, बरं करणं नव्हे. 'कुणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नये. लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं, तर पोक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारक आहे.

गोष्ट संपल्यावर एखादं मूल मागे रेंगाळलं, तर त्या दिवशी स्टाफरूममध्ये चहाला उशिरा जा. आणि दोन क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला दिसतील असे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: मनाच्या मदतीसाठी टेली-मानस १४४१६, मुलांच्या मदतीसाठी १०९८. दोन्ही फोन मोफत आहेत.